मुलांची सायंकाळ मुलांस परत द्या!

दिवेलागणीच्या वेळी आमच्या सीमाभागातील कोणत्याही गावी, कोणत्याही गल्लीत एक फेरी मारावी. बेळगावातील शहापूर-वडगावचा विणकरांचा भाग असो, निपाणीची एखादी वसाहत असो, की खानापूर तालुक्यातील रानालगतचे खेडे असो, दृश्य एकच दिसते. घरोघर दिवे लागलेले असतात, कामावर गेलेली माणसे परतलेली असतात, चुलीवर भात शिजत असतो. आणि तरीही घरातून माणसांचा आवाज ऐकू येत नाही. परवच्याचा सूर नाही, पाढ्यांचा घोष नाही, भावंडांची भांडणे नाहीत, आजीची हाक नाही. वडील एका कोपऱ्यात, आई दुसऱ्या कोपऱ्यात आणि मूल तिसऱ्या कोपऱ्यात, प्रत्येकाच्या तोंडावर त्या हातभर अंतरावरच्या काचेचा निळसर उजेड! एका छपराखाली चार माणसे आहेत, परंतु घर मात्र कोठे आहे, हे शोधावे लागते. या शांततेला कोणी सुख म्हणत असेल तर म्हणो. आम्ही तिला सुख म्हणावयास तयार नाही.

आम्ही यंत्राचे वैरी नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. मोबाइल हे आज चैनीचे साधन राहिलेले नाही. भाजी विकणाऱ्या बाईस त्यावर पैसे मिळतात, शेतकऱ्यास बाजारभाव कळतो, पुण्या-मुंबईस नोकरीस गेलेल्या लेकाचे तोंड गावच्या म्हाताऱ्या आईस त्यातूनच दिसते. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आज कोणाही मुलास घरबसल्या फुकट वाचावयास मिळतात, तेही याच यंत्राच्या कृपेने. सीमेवरच्या ज्या खेड्यात मराठी पुस्तकाचे दुकान नाही तेथे ही सोय लहानसहान नव्हे. तेव्हा मोबाइल विहिरीत टाका, असे सांगणाऱ्या बुवाबाजीत आम्हांस पडावयाचे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. सायंकाळी सहापासून रात्री निजेपर्यंतचे जे चार तास मुलाच्या वाट्यास येतात, त्या चार तासांचे मालक कोण? आईबाप, की सातासमुद्रापलीकडच्या कंपन्या?

हा प्रश्न अतिशयोक्तीचा वाटत असेल, तर या यंत्रातील करमणूक कशी घडविली जाते ते नीट समजून घ्यावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर व उंदरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळतो असे असेल, तर दाणा बंद होताच प्राणी लवकरच कळ दाबणे सोडतो. परंतु दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, आणि केव्हा मिळेल याचा नेम नसतो, असे असेल तर तो प्राणी दाणा बंद झाल्यावरही पुष्कळ काळ कळ दाबीतच राहतो. मटक्याच्या आकड्यामागे घरदार घालविणारी माणसे आमच्या वाचकांनी पाहिलेली आहेत. त्या व्यसनाचे मूळ याच नियमात आहे. बोटाने पडदा वर सारावा आणि पुढे काय येईल ते ठाऊक नसावे, कधी कंटाळवाणे काही यावे आणि कधी पोट धरून हसविणारे यावे, हा त्याच कळीचा नवा अवतार होय. २००६ साली एझा रास्किन नावाच्या अभियंत्याने पान कधी संपूच नये अशी युक्ती शोधली आणि पुढे त्याच गृहस्थाने आपल्या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्या कारागिरास स्वतःच्या कारागिरीचा पश्चात्ताप झाला, ती वस्तू आम्ही आठ वर्षांच्या पोराच्या हाती निर्धास्तपणे देतो, याला काय म्हणावे?

'नव्या गोष्टीविरुद्ध ओरड ही नेहमीचीच,' असे काही विद्वान म्हणतील. कादंबऱ्यांनी मुले बिघडतात असे एके काळी म्हटले गेले, मग नाटकाने बिघडतात असे म्हटले गेले, त्यानंतर सिनेमाने, रेडिओने, दूरचित्रवाणीने. मुले काही बिघडली नाहीत आणि जग काही बुडाले नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर देणे अवश्य आहे. कादंबरीस शेवटचे पान असे. सिनेमा तीन तासांनी संपे आणि प्रेक्षक उठून घरी जाई. दूरचित्रवाणी घरात एकच असे. ती बैठकीच्या खोलीत असे, आणि ती पाहताना घरातील माणसे निदान एकत्र बसत, एकत्र हसत आणि वाहिनी बदलावी की नाही यावर भांडत तरी. आजचे यंत्र संपत नाही, ते एकट्याने पाहावयाचे असते, ते पांघरुणात जाते, आणि पाहणारा काय पाहतो याची नोंद ठेवून त्याला पुढचा घास कोणता भरवावयाचा हे ते स्वतःच ठरविते. जुन्या करमणुकी आणि ही करमणूक यांत हा मूलभूत भेद आहे. तो ध्यानी न घेता 'पूर्वीही असेच म्हणत' असे म्हणणे म्हणजे विचार टाळणे होय.

मुलांच्या मनावर समाजमाध्यमांचा नेमका परिणाम किती, यावर अभ्यासकांत आज एकमत नाही. जोनाथन हाइट यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पाश्चात्त्य देशांतील मुलांच्या वाढत्या नैराश्याचा मोठा दोष स्मार्टफोनकडे दिला. इतर संशोधकांनी, इतका मोठा निष्कर्ष काढावयास पुरेसा पुरावा नाही, असे त्यांना उत्तर दिले. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आईबापांनी मात्र तो मिटेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. कारण मोबाइल मुलाच्या मनात काय घालतो हे वादग्रस्त असले, तरी तो मुलाच्या दिवसातून काय काढून घेतो हे उघड्या डोळ्यांना दिसते. दिवसाचे तास चोवीसच आहेत. त्यांत तीन तासांची नवी भर पडली तर कोणते तरी जुने तीन तास उणे झालेच पाहिजेत. ते कोणते?

पहिला बळी झोपेचा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या वैद्यकीय संस्थेने २०१६ साली सांगितलेल्या प्रमाणानुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी. सकाळच्या शाळेसाठी सहास उठावयाचे असेल, तर दहा वर्षांच्या मुलाने रात्री नवाच्या आत निजले पाहिजे. आमच्या किती घरांत हे घडते? रात्री अकरापर्यंत रील पाहून निजलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. मास्तर त्याला आळशी म्हणतात, बाप त्याला मंद म्हणतो. ते पोर आळशी नाही आणि मंद तर नाहीच नाही. ते केवळ झोपेचे उपाशी आहे.

दुसरा बळी खेळाचा, आणि खेळाबरोबर डोळ्यांचा. लहान वयात चष्मा लागलेली मुले पूर्वी वर्गात एखाददुसरी असत. आज ती बाकाबाकावर दिसतात. डोळ्यांस नजीकचे काम फार आणि उघड्यावरचा उजेड थोडा, हे याचे एक मोठे कारण असल्याचे संशोधनातून पुढे आले आहे. चीनमधील ग्वांगझो शहरातील बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी पाहता, नेहमीप्रमाणे चाललेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांस नव्याने लघुदृष्टी आली होती, तर उघड्यावर नेलेल्या मुलांत ते प्रमाण ३०.४ टक्के होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षात औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, खर्च नाही. केवळ चाळीस मिनिटांचा उजेड आहे. आमच्या गावात सूर्यप्रकाशाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो पोरांना अंगणात हाकलणाऱ्या मोठ्या माणसांचा, आणि आता तर अंगणांचाही!

तिसरा बळी बोलण्याचा, आणि याविषयी सीमाभागातील वाचकांनी विशेष विचार करावा अशी आमची विनंती आहे. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन तान्ह्या मुलांस चिनी भाषा ऐकविण्यात आली. काही मुलांशी चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष समोर बसून, खेळणी दाखवीत, पुस्तके वाचून दाखवीत बोलली. काही मुलांना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखविले. बारा बैठकींनंतर परीक्षा घेतली. प्रत्यक्ष माणसाच्या सहवासात राहिलेली मुले चिनी भाषेतील ध्वनी ओळखू लागली होती. पडद्यापुढे बसलेली मुले काहीही शिकली नव्हती. शब्द तेच, आवाज तोच, तोंडही तेच. नव्हता तो फक्त जिवंत माणूस.

या प्रयोगाचा अर्थ आम्ही आमच्यापुरता काय घ्यावा? जेथे शाळेची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि बाजाराची तिसरी, तेथे मातृभाषा टिकते ती घरातल्या बोलण्यात. आईच्या मांडीवर, आजीच्या गोष्टीत, जेवणाच्या पंगतीत, भावंडांच्या भांडणात ती मुलाच्या जिभेवर चढते. सरकारी फलकावर कोणती भाषा असावी याबद्दल आम्ही सभा भरवितो, आणि ते रास्तच आहे. परंतु घरातल्या घरात मुलाशी दिवसाकाठी दहा वाक्येही न बोलणारा बाप त्या सभेत हात वर करीत असेल, तर त्याने आधी स्वतःच्या ओसरीवर सभा भरवावी. मूल कानडी शिकते, हिंदी शिकते, इंग्रजी शिकते, याचे आम्हांस दुःख नाही; जितक्या भाषा तितके बरे. दुःख याचे, की पडद्यापुढे वाढलेल्या मुलास कोणत्याच भाषेत आपल्या मनातली गोष्ट धड सांगता येत नाही. 'काय झाले?' असे विचारले असता खांदे उडविणारे आणि 'काही नाही' म्हणणारे दहा-बारा वर्षांचे पोर पाहिले, म्हणजे काय हरवते आहे ते कळते.

येथे आमची बोटे मुलांकडे नव्हे, मोठ्यांकडे वळली पाहिजेत. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आई तान्ह्या मुलाशी हसत-बोलत असताना तिला दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवावयास सांगितले. मूल प्रथम हसून पाहते, मग हात पसरते, मग आवाज करते. आणि आईचा चेहरा तसाच राहिला म्हणजे तोंड फिरविते, कष्टी होते, रडू लागते. त्या काळी मोबाइल नव्हता. आज तो आहे, आणि तो हाती धरलेल्या माणसाचा चेहरा नेमका तसाच होतो. प्रयोगशाळेत जे दोन मिनिटे चालले, ते आमच्या घरांतून तासन्‌तास चालते. 'आमचे पोर मोबाइल सोडीत नाही हो!' अशी तक्रार करणारे गृहस्थ ती तक्रार करताना स्वतःच्या मोबाइलवरची नजर उचलीत नाहीत, हे दृश्य हास्यास्पद खरे, परंतु हसण्याजोगे नाही. मूल ऐकून शिकत नाही, पाहून शिकते. बापाने विडी ओढीत ओढीत मुलास विडीचे दुष्परिणाम सांगावेत, त्यातलाच हा प्रकार आहे.

'परंतु अभ्यासासाठी मोबाइल लागतोच ना?' हा यापुढचा प्रश्न. लागतो, हे खरे. पण किती? ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालाने २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांस हेच विचारले. जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा अभ्यासाचे निमित्त हे पुष्कळदा निमित्तच असते, हे आईबापांनी ओळखावे. परंतु या बाबतीत शाळांनाही दोन शब्द सुनावल्यावाचून राहवत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या आणि व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठविण्याची प्रथा पडली. ती त्या वेळी अपरिहार्य होती. शाळा उघडून वर्षे लोटली तरी पुष्कळ ठिकाणी गृहपाठ अद्याप रात्री आठास मोबाइलवर येतो. बाप म्हणतो मोबाइल ठेव, शाळा म्हणते मोबाइल पाहा. मुलाने ऐकावयाचे कोणाचे? फळ्यावर खडूने लिहिलेला आणि वहीत पेन्सिलीने उतरून घेतलेला गृहपाठ काही कमी प्रतीचा ठरत नाही. शिक्षकांनी ही एक गोष्ट केली, तरी हजारो घरांतील रोजची एक कटकट थांबेल.

सरकारांनाही आता जाग येऊ लागली आहे. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा २०२४ साली केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. जबाबदारी मुलांवर वा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली, हे त्याचे वैशिष्ट्य. भारतात २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याचे आणि मुलांना हेरून जाहिराती न दाखविण्याचे बंधन घातले. २०२५ साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदी आणली. या कायद्यांचे आम्ही स्वागत करतो. परंतु कायदा मुलाची उशी पाहावयास येत नाही. उशीखाली मोबाइल आहे की नाही, हे आईलाच पाहिले पाहिजे.

आणि येथेच खरी अडचण उभी राहते. एकटे घर हे करू शकत नाही. एका बापाने मोबाइल काढून घेतला आणि शेजारची सारी मुले रात्री एकमेकांशी त्यावरच खेळत-बोलत असली, तर त्या एका मुलास वाटते की आपल्याला जातीबाहेर टाकले. त्याचे दुःख खोटे नसते. आई विरघळते, बाप कंटाळतो आणि आठ दिवसांत मोबाइल परत मिळतो. म्हणून जो प्रश्न साऱ्या गल्लीचा आहे तो साऱ्या गल्लीने मिळूनच सोडविला पाहिजे.

हे स्वप्नरंजन नव्हे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. टाळेबंदीनंतर मुले पुस्तकास शिवेनाशी झाली, हे पाहून त्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक नेम धरला. रोज सायंकाळी सातास भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद होतात. मुले अभ्यासास बसतात. प्रारंभी ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरून लोकांना समजावीत होते. आमच्या बेळगावला लागून असलेल्या हलगा गावानेही २०२५ साली हाच मार्ग धरला. तेथे सायंकाळी सातच्या भोंग्यानंतर दोन तास पडदे मिटविण्याचा नेम आहे. सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, मुलांची चिंता सारखीच, आणि उपायही सारखाच सापडावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

याउलट यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइल वापरण्याचीच बंदी करणारा ठराव केला आणि मोडणाऱ्यास दंड ठेवला. त्या गावाच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे; परंतु हा मार्ग आम्ही सुचविणार नाही. वडगाव-हलग्याचा नेम मोठ्यांनाही बांधतो, म्हणून तो मुलांना न्यायाचा वाटतो. जी बंदी फक्त मुलांस लागू असते, ती मुले चोरून मोडावयास शिकतात. आणि चोरून करावयाची सवय ही मोबाइलच्या सवयीपेक्षाही वाईट.

कोणी म्हणेल, हे सारे पोटभर जेवून बसलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे. मागावर बारा तास उभा राहणारा विणकर, हजार विड्या वळल्यावाचून जिची चूल पेटत नाही अशी निपाणीची बाई, उद्यमबागेतील दुसऱ्या पाळीचा कामगार, यांनी मुलाशी खेळावयाचे केव्हा? रडते मूल मोबाइल दिला की गप्प बसते आणि हात कामाला मोकळे होतात. त्या बाईस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि कोणासही नाही. परंतु म्हणूनच तर हे काम एकट्या आईवर सोडता कामा नये! ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडी सुरू केली आणि पुढे त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास रानात जातात आणि शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसले तेव्हा त्यांनी मुलांना वा आईबापांना दूषणे दिली नाहीत. शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणतात. मुलाच्या जगण्यात जेथे फट असेल तेथे मोठ्यांनी जाऊन उभे राहावयाचे, हा त्या कार्याचा धडा आहे. आज ती फट सायंकाळी सात ते नऊ या वेळेत आहे. तेथे मोबाइल उभा आहे, कारण तेथे दुसरे कोणी उभे नाही.

मग करावयाचे काय? घरात दोनच नियम पुरेत, पण ते मोठ्यांसह सर्वांस लागू असावेत: ताटावर मोबाइल नाही आणि अंथरुणात मोबाइल नाही. रात्री घरातील सारे मोबाइल बाहेरच्या सोप्यात एका फळीवर चार्जिंगला लावावेत. गजर हवा तर शेदोनशे रुपयांचे घड्याळ मिळते. दोन वर्षे पुरी होईपर्यंत मुलास पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तासाहून अधिक नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवले आहे. भरविताना मोबाइल दाखविण्याची चाल तेवढ्यासाठी तरी सोडावी. मुलास स्वतःचा मोबाइल केव्हा द्यावयाचा, हे एका वर्गातील पालकांनी एकत्र बसून ठरवावे, म्हणजे 'सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही' या हट्टाचे मूळच नाहीसे होईल.

गल्लीने काय करावे? आमच्याकडे गल्लोगल्ली पंच आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, तालमी आहेत. दहा दिवस मांडव घालून रात्रंदिवस राबण्याची ज्यांची तयारी, त्यांस वर्षभर सायंकाळचा दीड तास सांभाळणे जड नाही. देवळाची घंटा वाजवावी, भोंगा वाजवावा, काही न जमले तर एका आजोबांनी हाक घालावी. पण वेळ एक असावी आणि ती सर्वांची असावी. मंडळाच्या खोलीत चटई घालून मुलांस अभ्यासास बसवावे. ज्यांच्या घरी जागा नाही, ज्यांची आई विड्या वळते, ज्यांचा बाप दुसऱ्या पाळीस आहे, त्यांची मुले प्रथम तेथे यावीत. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा या गावांनी साहित्य संमेलने भरवून दाखविली आहेत; संमेलनाच्या मंडपात जी पुस्तके विकत घेतली जातात, ती मुलांस मोठ्याने वाचून दाखविण्याची एक सायंकाळ आठवड्यातून ठेवावयास त्यांस कोणाच्या अनुदानाची गरज नाही. वाचनालयांनी मुलांचा विभाग संध्याकाळी उघडा ठेवावा. आणि नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत यांच्या दारी जाऊन एकच मागणी करावी: मुलांच्या मैदानावर मोटारी लागणार नाहीत, मांडव पडून राहणार नाही आणि ते लिलावात निघणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. या साऱ्या नियमांचा हेतू मुलावर पहारा बसविणे हा नव्हे. पडद्याच्या जगात मुलास कोणी धमकावते, कोणी त्याचे छायाचित्र पळवून पैसे मागते, कोणी मुलीस गोड बोलून फसविते. अशा वेळी ते मूल प्रथम कोणाकडे धावेल? 'सांगितले तर मार मिळेल आणि मोबाइल जाईल,' अशी भीती असेल तर ते कोणाकडेही धावणार नाही, एकटेच झुरेल. आणि अशा एकटेपणाचा शेवट कधी कधी भयंकर होतो. म्हणून प्रत्येक आईबापाने आजच, काही घडण्यापूर्वीच, मुलास जवळ घेऊन सांगावे: 'काहीही झाले तरी मला येऊन सांग, मी रागावणार नाही, मोबाइल काढून घेणार नाही, आधी आपण दोघे मिळून वाट काढू.' मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मनाच्या व्यथेसाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत.

मुले आमची दौलत, मुले देशाचे भवितव्य, ही वाक्ये सभांतून ऐकून आमचे कान किटले आहेत. भवितव्याचे राहू द्या; मुलांचा वर्तमानकाळ मोडकळीस आला आहे, त्याचे काय? तो सावरावयास कोट्यवधींची योजना नको, आयोग नको, दिल्लीचा वा बंगळूरचा हुकूम नको. रोज सायंकाळचा दीड तास हवा, आणि त्या दीड तासात स्वतःचा मोबाइल प्रथम खाली ठेवणारा मोठा माणूस हवा. आमच्या प्रत्येक गल्लीच्या पंचांनी येत्या बैठकीत हा एकच विषय घ्यावा, वेळ ठरवावी आणि दुसऱ्या दिवसापासून ती पाळावयास लागावे, अशी आमची त्यांना कळकळीची विनंती आहे.